आईला आमवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलंय. नेटवर वाचून भीती वाटते. घ्यावं की नाही, कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ आणि फॉलिक ॲसिड आहे, आणि ‘हे तर कॅन्सरचं औषध’ म्हणून घरात घबराट आहे. मी फार्मासिस्ट आहे. साइड इफेक्टची यादी थोडा वेळ बाजूला ठेवा आणि पट्टी हातात घ्या. या औषधाची सगळ्यात घातक चूक त्या यादीत नसते. ती चूक म्हणजे आठवड्याची गोळी रोज घेणं.

आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात, साधारण ७.५ ते २५ मिग्रॅ. पण आपल्याकडे चिठ्ठीवर डोस लिहायची पद्धत १-०-०, १-०-१ अशी. त्यात ‘आठवड्यातून एकदा’ला जागाच नाही. वर ‘वीकली’ घाईत खरडलेलं असतं आणि खाली १-०-०. पेशंटच्या लक्षात राहतं ते १-०-०, म्हणजे रोज सकाळी एक.

पुढे काउंटरवर काय होतं बघा. आठवड्याला एकच गोळी असेल तर महिन्याला चार-पाच लागतात आणि पट्टी दहाची असते. मग कात्री लागते. बॅच नंबर आणि एक्स्पायरी एका टोकाला छापलेली असते, ते टोक दुकानात राहतं. घरी तो तुकडा फॉलिक ॲसिडच्याच डब्यात पडतो. अनेक कंपन्यांची मेथोट्रेक्सेट लहान आणि पिवळी, फॉलिक ॲसिडही पिवळं. त्यात ताकदी वेगवेगळ्या. १५ मिग्रॅ म्हणजे २.५ च्या सहा गोळ्या किंवा ७.५ च्या दोन. या महिन्यात सहा घ्यायची सवय लागली आणि पुढच्या महिन्यात ७.५ ची पट्टी आली, तर सहा गोळ्यांचे ४५ मिग्रॅ होतात.

रोज घेतली तर काही दिवसांत तोंड येतं. घरात म्हणतात उष्णता झाली. सब्जा, गुलकंद, बी-कॉम्प्लेक्स सुरू होतं आणि गोळीही चालूच राहते. हे औषध पेशींना लागणारं फोलेट (एक बी-जीवनसत्त्व) अडवतं, म्हणून भराभर वाढणाऱ्या पेशी आधी मार खातात: तोंडातलं अस्तर, आतडं, हाडांतला मगज. आठवड्याच्या अंतरात त्या सावरतात, रोजच्या गोळीत त्यांना उसंतच मिळत नाही. मग पांढऱ्या पेशी घसरतात आणि ताप येतो. गोळी चुकून रोज घेतली गेली असेल, किंवा तोंड येणं, ताप, घसा दुखणं, अंगावर काळेनिळे डाग, कोरडा खोकला आणि धाप यांतलं काही दिसलं, तर पुढची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी पट्टीसकट हॉस्पिटल गाठा. त्यावर उतारा आहे, फोलिनिक ॲसिड. घरातल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी ते काम होत नाही.

पट्टी कापण्यावरून आमच्याच धंद्यातल्या लोकांशी माझा जुना वाद आहे. ‘गिऱ्हाईक चार मागतं, चार द्या’ हे मला मान्य नाही. निदान या औषधाची पट्टी अख्खी द्यावी. कापायचीच असेल तर नाव, ताकद, एक्स्पायरी आणि वार लिहिलेल्या पाकिटात घालून द्यावी. युरोपच्या औषध नियामकाने २०१९ साली याच चुकीसाठी इशारे कडक केले, गोळ्या बाटलीऐवजी ब्लिस्टरमध्ये द्यायला लावल्या. आपल्याकडेही २०१६ पासून डॉक्टरांनी जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं असा नियम आहे. तेव्हा अक्षर लागत नसेल तर चिठ्ठी परत पुढे करा आणि म्हणा, ‘डॉक्टर, वार लिहून द्या.’ ‘फक्त सोमवारी’ असं मराठीत. यात संकोच कसला? आणि दुकानदार ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणाला तर घेऊ नका. शेड्यूल एच औषधाचा, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाचा, ब्रँड परस्पर बदलून द्यायची दुकानाला परवानगी नाही.

आता तुमचा प्रश्न. घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आमवात तसाच सोडला तर सांधे झिजतात, बोटं वाकडी होतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत. मात्र पहिल्या गोळीआधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), एसजीपीटी (यकृताची) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) झालेलं हवं. कावीळ बी आणि सी, छातीचा एक्स-रे याबद्दलही विचारा. क्रिएटिनिन सोडू नका, कारण औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. ती मंद असतील तर बरोबर डोसही अंगात साचतो. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त तपासा, पुढे डॉक्टर अंतर वाढवतील.

लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी कोट्रायमोक्सॅझोल हे अँटिबायोटिक लिहिलं तर ‘मेथोट्रेक्सेट चालू आहे’ हे आधी सांगा. तेही फोलेटच अडवतं, दोन्ही एकत्र घातक. पेनकिलरही विचारल्याशिवाय घेऊ नये. दारू नको. घरात दुसऱ्या कुणाला हे औषध चालू असेल आणि मूल हवं असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावं. गरोदरपणात हे चालतच नाही.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर ठरलेल्या वारी आधीच गोल करून ठेवा आणि गोळी घेतली की त्यावर फुली मारा. वार चुकला तर दोन दिवसांच्या आत घेता येते. त्यापुढे गेलं तर ती सोडायची आणि पुढच्या ठरल्या वारी नेहमीचीच घ्यायची, दुप्पट नाही. फॉलिक ॲसिड कोणी आठवड्यातून एकदा देतात, कोणी मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून रोज. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं धरा. हे सगळं आमवाताच्या डोसबद्दल आहे, कॅन्सरमधले डोस वेगळे. वर दिलेली लक्षणं नसताना नेट वाचून गोळी परस्पर बंद करू नका, फोन करून विचारा. आणि काही त्रास झालाच तर तो १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर पेशंटलाही कळवता येतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारी ही सरकारी हेल्पलाइन आहे. फोन करताना पट्टीवरचा बॅच नंबर हाताशी ठेवा.