कुठल्या घराण्यातला?

चि. मुक्ता हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू जरा चिडूनच विचारलेस, की इथे लंडनमध्ये गणपतीच्या आरतीला कुणाच्या घरी गेले तर तिथले आजोबा माझे नाव विचारायच्या आधी आडनाव विचारतात आणि ते कळले की लगेच “कुठले? घराणे कोणते?” असे का म्हणतात, इंग्रज लोक शाळेवरून आणि उच्चारांवरून माणूस जोखतात, त्याहून हे वेगळे काय? त्याच बोलण्यात मागच्या नाताळात आपण पाहिलेल्या ‘गांधी’ चित्रपटाचा विषय निघाला आणि जनरल डायरचे काम करणारा तो नट “नक्की लॉर्ड-बिर्ड असणार” असे तू ठामपणे सांगितलेस. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला तुझ्या या दुसऱ्या वाक्यात सापडले. फोनवर ते नीट सांगता आले नसते, म्हणून लिहिते आहे.

तो नट म्हणजे एडवर्ड फॉक्स. तो लॉर्डही नाही आणि लॉर्डाचा मुलगाही नाही. तो हॅरो या शाळेत शिकला हे खरे (त्याच शाळेत त्याच्या आधी पंडित नेहरू होते), आणि त्याचे वडील रॉबिन फॉक्स हे लंडनच्या नाट्यव्यवसायातले प्रतिष्ठित एजंट होते. पण तुझ्या त्या आजोबांनी त्याला “घराणे कोणते?” असे विचारले असते तर उत्तर ऐकून ते थोडे गोंधळले असते. त्याचे पणजोबा सॅमसन फॉक्स यांनी लहानपणी कापडगिरणीत काम केले. पुढे त्यांनी वाफेच्या बॉयलरसाठी पन्हळी लोखंडी नळ्या शोधून काढल्या, लीड्स शहरात कारखाना उभारला, भरपूर पैसा मिळवला आणि ते तीन वेळा हॅरोगेटचे महापौर झाले. तू रोज कॉलेजला जाताना प्रिन्स कन्सोर्ट रोडवरची जी लाल विटांची इमारत पाहतेस, त्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या बांधकामासाठी 45,000 पौंड या गिरणीत राबलेल्या पोरानेच दिले होते. आईच्या बाजूला पाहिले तर आजोबा फ्रेडरिक लॉन्सडेल हे लॉर्ड आणि लेडी यांच्या दिवाणखान्यातली चुरचुरीत नाटके लिहिणारे नाटककार होते. पण ते स्वतः जर्सी बेटावरच्या एका तंबाखूविक्याचे चिरंजीव होते आणि लॉन्सडेल हे आडनावसुद्धा त्यांनी स्वतःच घेतले होते. म्हणजे उमरावांची भाषा ज्याने लंडनच्या रंगभूमीवर लिहिली तोही दुकानदाराच्याच घरातला होता. आपल्याकडे घराणे विचारणारे लोक आईकडच्या आजोबांना हिशेबात धरतच नाहीत, हा त्यांचा एक जुना अडाणीपणा आहे. फॉक्सच्या बाबतीत तर अर्धी गोष्टच तिथे आहे.

मग तुला तो लॉर्ड का वाटला? कारण जवळजवळ साठ वर्षे त्याने ते काम इतके चोख केले की इंग्रज प्रेक्षकांचाही तसाच समज झाला. 1971 साली जोसेफ लोझी यांच्या ‘द गो-बिट्वीन’ या चित्रपटात त्याने दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात चेहरा जखमी झालेला एक तरुण उमराव उभा केला. भूमिका मोठी नव्हती, पण त्या माणसाची सभ्यता आणि त्याचे दुःख त्याने इतके झाकून दाखवले की त्याला बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी दिग्दर्शक फ्रेड झिनेमन यांना ‘द डे ऑफ द जॅकल’साठी फारसा ओळखीचा नसलेला चेहरा हवा होता, आणि फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला निघालेल्या मारेकऱ्याची भूमिका फॉक्सकडे आली. त्या चित्रपटात त्याचे सभ्य कपडे आणि नम्र बोलणे हीच सर्वांत भीती वाटण्यासारखी गोष्ट आहे. 1977 साली रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘अ ब्रिज टू फार’मध्ये त्याने दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश जनरल हॉरॉक्स साकारला (खरे हॉरॉक्स तेव्हा हयात होते) आणि त्या भूमिकेबद्दल त्याला दुसरा बाफ्टा मिळाला. पुढच्याच वर्षी दूरचित्रवाणीवर त्याने सिंहासन सोडणारा राजा आठवा एडवर्ड केला आणि तिसरा मिळवला.

त्यानंतर ॲटनबरो यांनीच त्याला ‘गांधी’त डायर दिला. यातला एक योगायोग मला चटका लावून जातो. जालियनवाला बागेतला गोळीबार 13 एप्रिल 1919 रोजी झाला आणि फॉक्सचा जन्म 13 एप्रिल 1937 रोजी झाला. बागेत 1,650 गोळ्या झाडल्या गेल्या, आणि नंतर चौकशी आयोगासमोर बसलेला फॉक्सचा डायर प्रश्नांना अशी आखूड, कोरडी उत्तरे देतो, की जणू कुणी त्याला गाडीचे वेळापत्रक विचारले आहे. तो ओरडत नाही की चिडत नाही. त्याला आपले काही चुकले असे वाटतच नाही. तुला त्याच्यात लॉर्ड दिसला तो याच प्रसंगात. प्रत्यक्षातल्या डायरचा जन्म मरी या आता पाकिस्तानात असलेल्या गावचा आणि त्याचे वडील बिअरच्या भट्टीचा कारभार पाहणारे. तोही उमराव नव्हता. आपण राज्यकर्त्या जातीचे आहोत एवढी एकच गोष्ट त्याने घट्ट धरली होती, आणि फॉक्सने नेमकी तीच दाखवली. (त्याच चित्रपटात आपले डॉ. श्रीराम लागू गोखले झाले होते आणि पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा. हट्टंगडींनाही त्या कामासाठी बाफ्टा मिळाला, हे मी तुला दर वेळी सांगते आणि सांगत राहणार.)

पण माझ्या मते तो खरा कळतो रंगभूमीवर. सरदार-जनरल यांच्या गणवेशात अडकून पडणे त्याला सोपे होते, तरी 1981 साली हॅरल्ड पिंटर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘क्वार्टरमेन्स टर्म्स’मध्ये त्याने केंब्रिजच्या एका शाळेत परदेशी मुलांना इंग्रजी शिकवणारा, कुणालाच नको असलेला, एकाकी मास्तर केला. 1997 साली तो ‘अ लेटर ऑफ रेझिग्नेशन’मध्ये पंतप्रधान मॅकमिलन झाला. 2017 साली, तू शाळेत असताना, मी लंडनच्या हेमार्केट थिएटरमध्ये त्याला कवी जॉन बेट्जमन यांच्या रूपात पाहिले. वयाच्या ऐंशीव्या वर्षी तो रंगमंचावर एकटा होता आणि सगळे नाट्यगृह त्याने केवळ आवाजावर धरून ठेवले होते. आणि हे तर तुला नक्की आवडेल: 2002 सालच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या चित्रपटात तो चक्क नोकर झाला आहे, आणि हातात तबक घेतलेला तो नोकर मालकाहून खानदानी दिसतो.

आता त्या आजोबांकडे येते. “कुठले?” या प्रश्नात पुष्कळदा जात चाचपलेली असते, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही; तेवढ्यापुरता तुझा राग योग्य आहे. काही वेळा मात्र परक्या देशात आपल्या गावाकडचे कुणी भेटते का, एवढाच तो शोध असतो, आणि तो फरक तुला बोलणाऱ्याच्या डोळ्यांत दिसेल. पण घराणे हा शब्द आपल्याकडे गाण्यातही आहे आणि तिथे तो रक्तावर चालत नाही. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरला होते, त्यांच्या गायकीत गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर तयार झाल्या, आणि त्यांचे घराणे विचारले तर उत्तरात गुरूचे नाव येते. फॉक्सच्या घरात रक्त आणि शिकवण या दोन्ही गोष्टी आहेत. भाऊ जेम्स नट (‘अ पॅसेज टू इंडिया’मधला फील्डिंग तो), धाकटा भाऊ रॉबर्ट निर्माता, पत्नी जोआना डेव्हिड अभिनेत्री, मुलगी एमिलिया आणि मुलगा फ्रेडी याच व्यवसायात. पैसा कारखान्यातून आला, भाषा नाटकातून आली आणि चौथ्या पिढीला लोक खानदानी म्हणू लागले.

तुझे पणजोबा, म्हणजे माझे आजोबा, संगमेश्वराहून मुंबईला आले आणि परळच्या गिरणीत साचेखात्यात लागले. पाळी संपली की ते कामगारांच्या नाटकांत कामे करत आणि दामोदर हॉलमध्ये त्यांनी दोनदा सरदाराची भूमिका केली होती. पुढच्या वेळी कुणी घराणे विचारले तर तू हेच सांग. सोबत त्यांचा त्या वेषातला फोटो पाठवते आहे. अंगरखा आणि मंदिल ड्रेपरीवाल्याचे आहेत, मिशी चिकटवलेली आहे. पायांतल्या झिजलेल्या चपला मात्र त्यांच्या स्वतःच्या आहेत.

तुझी,
आई