तलावावर पहिली रात्र: एवढंच सांभाळा

भाऊ, पहिल्या रात्री दोनच गळ लावा. जास्त लावले की दोरे एकमेकांत गुंततात आणि अंधारात सोडवताना पहाट होते. त्याआधी तलावाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे आहे, तिची परवानगी घ्या.

जागा उजेडातच बघा. बुडालेल्या बाभळी असतील तिथं बसू नका, दोरा तुटणारच. सहा-आठ फूट खोल, मऊ तळ बरा. मृगळ तळाशी चरतो, रोहू थोडा वर. कटला वरच्या पाण्यातला, त्याचा नाद सध्या सोडा.

आमिष: भिजवलेली शेंगदाण्याची पेंड आणि कणीक निम्मी-निम्मी. गोळा लिंबापेक्षा लहान, पाण्यात टाकल्यावर वीसेक मिनिटं टिकेल इतपत घट्ट. फार घट्ट केला तर मासा ओढतो, पण गळाचं टोक बाहेरच येत नाही. नवख्यांचे मासे इथंच सुटतात. तासाभरानं आमिष बदला. मासे जमवायला पाण्यात टाकायचा चारा मूठभरच, त्याच जागी.

रिळाचा ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा दोरा किती ताणावर सुटेल ते ठरवणारा भाग) सैल ठेवा, नाहीतर मोठा रोहू अख्खी काठी पाण्यात नेतो. काठीला घुंगरू बांधा, मासा लागला की वाजतं. पाण्यावर बॅटरी मारू नका, पण चालताना पायाखाली माराच, काठाला घोणस असते. बूट हवेतच.