जेरुसलेम आर्टिचोक: काढणीची तारीख आधी लिहा

नाव आर्टिचोक असलं तरी हे सूर्यफुलाचं भावंड, मूळ उत्तर अमेरिकेचं. कंदात स्टार्चऐवजी मुख्यतः इन्युलिन, म्हणजे फळसाखरेच्या कणांच्या साखळ्यांचा तंतुमय पदार्थ, साठतं. थंडीत त्याच्या लांब साखळ्या तुटत जातात, म्हणून इन्युलिन मोजताना थंड प्रदेशातला नोव्हेंबरचा आणि मार्चचा कंद एकाच रकान्यात मांडलात तर तुलनाच फसते. प्रत्येक नमुन्यावर काढणीची तारीख हवीच. लागवडीला 50 ग्रॅमचे, डोळा असलेले तुकडे 10 सेंमी खोल लावा. साल फार पातळ. उघड्यावर कंद लवकर सुरकुततो, त्यामुळे ओलसर वाळूत, 0 ते 2 अंशांवर ठेवा. खाताना दोन-तीन कापांनीच सुरुवात करा: इन्युलिन लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि पोट फुगतं. काढणीनंतर माती पुन्हा चाळा. राहिलेला बोटाएवढा तुकडाही पुढच्या वर्षी तण होऊन उगवतो.