एकीचे पाय बधिर, दुसरीच्या पायांची आग : नसांचे दुखणे आणि आनुवंशिकता

प्रश्न : माझ्या आईला मधुमेह होऊन २० वर्षे झाली. तिचे पाय घोट्यापर्यंत बधिर आहेत. चालताना चप्पल निसटून मागे राहिली तरी तिला कळत नाही, पण दुखत काहीच नाही. तिची सख्खी धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, हिचा मधुमेह ६ वर्षांचा आणि साखरही बऱ्यापैकी आटोक्यात आहे. तरी रात्री तिच्या तळपायांची आग होते, अंगावरच्या चादरीचा स्पर्शही पायांना सोसत नाही आणि ती उठून शहाबादी फरशीवर पाय टेकून बसते. नसांची तपासणी केली, ती नॉर्मल आली. तेव्हापासून ‘तिला जरा काही सोसत नाही’ असे घरात बोलले जाते. हे दुखणे आनुवंशिक असते का? मी जनुकीय तपासणी करून घ्यावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी मावशींविषयी लिहितो, कारण घरातले ते बोलणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. विजेचे सौम्य झटके देऊन केली जाणारी नसांची वहनचाचणी ही जाड तंतूंची परीक्षा असते. वेदना आणि उष्णता मेंदूपर्यंत पोहोचवणारे तंतू फार बारीक असतात व ते या चाचणीत दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी घोट्याच्या वर त्वचेचा ३ मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातील तंतू मोजावे लागतात. म्हणून चाचणी नॉर्मल आली, तरी दुखणे खरे असू शकते.

आता मूळ प्रश्न. नस खराब होणे आणि ती दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीवर जनुकांचा प्रभाव असतो. वेदनेच्या तंतूंवर सोडियमचे कण आत सोडणारी सूक्ष्म दारे असतात. ती उघडली की तंतू मेंदूकडे संदेश पाठवतो. यांपैकी ‘एनएव्ही १.७’ या दाराचा आराखडा ‘एससीएन९ए’ नावाच्या जनुकात असतो. या जनुकातील बिघाडामुळे हातपाय लाल होऊन भाजल्यासारखे दुखण्याचा आनुवंशिक आजार होतो, हे २००४ मध्ये चीनमधील रुग्णांत आढळले. तेथे दार अगदी थोड्या कारणानेही उघडत होते. २००६ मध्ये नेमके उलटे चित्र समोर आले. उत्तर पाकिस्तानातील एक मुलगा रस्त्यावर खेळ करताना दंडात सुरी खुपसून घेई आणि निखाऱ्यांवरून चालत जाई. त्याला वेदना म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. १४ वर्षांचा होण्याआधीच छपरावरून उडी मारल्याने तो मरण पावला. त्याच्यासारखी मुले असलेल्या कुटुंबांत हेच दार पूर्णपणे निकामी झालेले सापडले. वेदना नसणे हे वरदान नव्हे, हे त्या मुलाइतके क्वचितच कोणी दाखवले असेल.

आपल्या घरातील कोड्याशी याहूनही जवळचा, ब्रिटनमधील संशोधकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाने नसा खराब झालेल्या रुग्णांपैकी ज्यांना वेदना होत्या, त्यांतील सुमारे दहांत एकाच्या या जनुकात दुर्मिळ बदल आढळले, तर ज्यांना वेदना नव्हत्या त्यांच्यापैकी एकाच्याही जनुकात ते आढळले नाहीत. मात्र याचा अर्थ असाही होतो की दहांपैकी नऊ जणांच्या वेदनेचे कारण या जनुकात सापडले नाही. शिवाय सख्ख्या बहिणींची जनुकेही सरासरी निम्मीच सारखी असतात. म्हणून मावशींच्या बाबतीत आनुवंशिकतेचा वाटा असणे शक्य आहे, इतकेच म्हणता येईल.

आपण तपासणी करून घेण्याची गरज मला आज दिसत नाही, कारण अहवाल काहीही आला तरी आपल्याला करायचे ते, म्हणजे साखरेवर लक्ष ठेवणे, तेच राहते. लहानपणापासून पाय लाल होऊन जळत असतील; पिढ्यान्‌पिढ्या कमानदार तळवे आणि बारीक पोटऱ्या दिसत असतील; किंवा नसांच्या त्रासासोबत हृदय कमकुवत होणे व उभे राहताच भोवळ येणे असा प्रकार घरात असेल, तर मात्र तपासणी जरूर करावी. या शेवटच्या प्रकारातील ट्रान्सथायरेटिन प्रथिनाच्या आनुवंशिक आजारावर २०१८ पासून जनुकाचा संदेशच अडवणारे औषध उपलब्ध झाले आहे, त्यामुळे तेथे निदानाला उशीर करणे परवडत नाही.

मावशी मेटफॉर्मिन घेत असतील तर त्यांचे बी १२ तपासून घ्या. हे औषध दीर्घकाळ घेतल्याने त्या जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते आणि त्यानेही पायांची आग होते. शाकाहारी व्यक्तीत ही शक्यता अधिक असते. नसांच्या दुखण्यावर साध्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, त्यासाठी वेगळी औषधे असतात. ती डॉक्टरांकडून मागून घ्यायला त्यांनी संकोचू नये.

आणि आईंचे दुखत नाही, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष नको. मला जास्त काळजी त्यांचीच वाटते. रोज रात्री आपण स्वतः त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा नाही ना याची खात्री करा, मागे पट्टा असलेली चप्पल वापरायला द्या आणि शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी त्यांच्या पायांजवळ कधीही ठेवू नका.