काचेचा माल भरण्याआधी

भाऊ, जळगावात फुंकीव काचेचं दुकान टाकतोयस, छान. फिरोजाबादला जरूर जा, गाडीने टूंडल्याला उतरलास की पुढे जवळच आहे. पण पहिल्या फेरीत थोडाच माल घे.

माल खरंच हाताने फुंकलेला आहे का, हे कळायला पेला उलटा करून बूड बघ. फुंकनळीवरून सोडवताना कारागीर बुडाला लोखंडी दांडी चिकटवतो. तिचा खरखरीत किंवा घासलेला वण बहुधा राहतो. एखादा बुडबुडा, कडेची जाडी कमी-जास्त, हे चालायचंच. सगळे पेले तंतोतंत सारखे दिसले की मलाच शंका येते.

खरी गोम निववण्यात आहे. घडवलेली वस्तू दुसऱ्या भट्टीत हळूहळू थंड करावी लागते. घाई केली तर काचेत ताण राहतो आणि ती पुढे कधीही तडकते. माझे सहा पेले असेच गेले, ऐन मे महिन्यात, फळीवर बसल्याबसल्या! कुणी हातही लावला नव्हता. तेव्हा आधी चार नमुने आणून घरी महिनाभर वापर.

साध्या काचेत उकळता चहा ओतायचा नाही, हे गिऱ्हाईकाला आधीच सांग. आणि माल आणताना पेंढा पेल्याच्या पोटातही भरून घे, नुसता बाहेरून नको.