जमिनीखालच्या बर्फाचे नकाशे करायचेत म्हणते, करू द्यावं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. लेक टीवायबीएस्सी जिऑलॉजीला आहे, कॉलेजच्या टूरवर लडाखला जाऊन आल्यापासून पर्माफ्रॉस्ट मॅपिंगच करायचं म्हणतेय, आणि तुम्हाला वाटतंय की त्यापेक्षा बँकेची परीक्षा दिलेली बरी. काळजी समजते मला, पण आधी ती काय म्हणतेय ते बघूया.

सलग 2 वर्षं तरी शून्य डिग्रीच्या वर न गेलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. ग्लेशियर सॅटेलाइट फोटोत सरळ दिसतो, हे मात्र दगडमातीखाली दडलेलं असतं त्यामुळे खुणांवरून ओळखावं लागतं. मोठी खूण म्हणजे रॉक ग्लेशियर, दगडांचा ढिगारा जिभेसारखा उतारावरून हळूहळू सरकत असतो कारण आत बर्फ असतो. आधी फोटोंवरून ते मार्क करायचे, रडारच्या डेटातून किती सरकतात ते मोजायचं, मग तिथे जाऊन जमिनीत टेम्परेचर लॉगर पुरायचे आणि रेझिस्टिव्हिटी सर्वे करायचा, म्हणजे जमिनीत करंट सोडून तो किती अडतो ते मोजायचं, बर्फातून करंट जवळजवळ जातच नाही म्हणून तो कळतो. आणि हे महत्त्वाचं का, तर ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीमच्या साउथ ल्होनाक तलावात काठाचा गोठलेला ढिगारा कोसळला आणि त्या पुराने चुंगथांगचं धरण वाहून गेलं. असे काठ आधीच नकाशावर असायला हवेत हो!

आता नोकरीचं, स्पष्टच सांगतो. पर्माफ्रॉस्ट असं लिहिलेली जाहिरात क्वचितच दिसेल. एमएस्सीनंतर नेट किंवा गेट परीक्षा पास असेल तर प्रोजेक्टवर जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, महिना 37 हजार अधिक घरभाडं (एचआरए), तेही प्रोजेक्ट संपेपर्यंत. पण हातातलं काम वाया जात नाही, आपल्याकडे बोअर मारायच्या आधी पाणी बघायला जो रेझिस्टिव्हिटी सर्वे करतात ना, पद्धत तीच, आणि जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं तंत्र, तर दरडींपासून मेट्रोपर्यंत सगळीकडे लागतं. म्हणून तिने नुसतं पर्माफ्रॉस्ट न धरता जिओफिजिक्स आणि रिमोट सेन्सिंग (सॅटेलाइटच्या डेटावरून जमीन अभ्यासणं) पक्कं करावं, जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी बॉम्बेला अप्लाइड जिऑलॉजी किंवा पुढे डेहराडूनच्या आयआयआरएस या रिमोट सेन्सिंगच्या संस्थेत एमटेक. गोव्यात वास्कोला एनसीपीओआर हे ध्रुवीय आणि सागरी संशोधनाचं केंद्र आहे, त्यांचं स्पितीत 4 हजार मीटरच्या वर हिमांश नावाचं स्टेशन आहे, तिथली इंटर्नशिप मिळते का ते जरूर बघा.

एकटी मुलगी हिमालयात, ही भीती तुम्ही दोनदा लिहिलीय. फील्डवर टीमनेच जातात, उंचीची सवय व्हायला आधी काही दिवस खाली थांबतात, आणि वर्षातले बरेच महिने काम कॉम्प्युटरसमोरच असतं. (खरं तर ते कंटाळवाणं काम झेपेल का हे तिला विचारा, थंडीचं नंतर.)

त्यासाठी एक करा. गूगल अर्थ फुकट आहे, लाहौलमधली एकच दरी घेऊन तिने त्यातले सगळे रॉक ग्लेशियर मार्क करावेत, महिनाभर रोज तासभर, आणि तिच्या जिऑलॉजीच्या मॅडमना दाखवावेत. महिन्यानंतरही ती त्याच उत्साहाने बसत असेल तर जॅमचा फॉर्म भरा, बँकेचा नको.