उरलेलं अन्न त्याच रात्री वाचवायचं असतं

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फ्रीज साफ करायला घेतलास, पाच डबे कचऱ्यात उलटे केलेस आणि त्यातल्या दोन डब्यांत काय होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही, असं लिहिलंयस. म्हणून माझ्याकडे उरलेल्या अन्नाच्या पाककृती मागतोयस. देते, पण जरा थांब. ते अन्न रविवारी वाया गेलेलं नाही. ज्या रात्री जेवून उठलास, पातेल्यावर झाकण ठेवलंस आणि जागा दिसली तिथे ते सारून दिलंस, त्याच रात्री त्याचा निकाल लागला होता. इतक्या वर्षांत मी पाहिलंय ते असं की, डबा मागे जातो, नजरेआड होतो, आणि आठवतो तेव्हा आतलं खायचा धीर होत नाही. पाककृती हाताशी असूनही.

म्हणून आधी जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांबद्दल.

शिजलेलं अन्न ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नकोस. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, आणि स्वयंपाकघरातली हवा नेमकी त्यातच बसते. खोल पातेलं तसंच आत ठेवलंस तर कडेचं गार होतं, मधलं कित्येक तास कोमट राहतं. त्यापेक्षा उथळ डब्यांत दोन-तीन बोटांचा थर कर आणि वाफ गेली की लगेच आत ठेव. पूर्ण गार होण्याची वाट बघत बसलास की झोप लागते, आणि पातेलं सकाळपर्यंत बाहेर राहतं. डबे पारदर्शक घे. झाकणावर चिकटपट्टी लावून पदार्थाचं नाव आणि वार लिही. डोळ्यांसमोरचा एक कप्पा फक्त उरलेल्या अन्नासाठी ठेव, तिथे पाण्याची बाटलीसुद्धा नको.

या कप्प्यातलं तीन-चार दिवसांत संपायला हवं. संपणार नाही असं वाटत असेल तर पहिल्याच रात्री फ्रीजरमध्ये टाक. उणे १८ अंशाला जंतूंची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. चौथ्या दिवशी घाबरून गोठवलेलं अन्न बाहेर काढल्यावर चौथ्या दिवसाचंच असतं.

भाताबद्दल वेगळं सांगते, कारण त्यात मी स्वतः चुकले आहे. एकदा भाताचं पातेलं रात्रभर शेगडीवरच राहिलं. सकाळी वास चांगला होता. मी तो कांद्यावर खरपूस परतला आणि घरात दोघांनी खाल्ला. दुपार व्हायच्या आत दोघांनाही उलट्या सुरू झाल्या. इतकं तापवूनही हे कसं, हे मला कळेना. नंतर समजलं. ‘बॅसिलस सिरिअस’ नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजतानाही जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवून नष्ट होत नाही. तेव्हापासून भात तासाभरात फ्रीजमध्ये जातो आणि दुसऱ्या दिवशी संपतो. ‘नीट गरम केलं की काही होत नाही’ हे तू घरोघरी ऐकशील. त्यावर विसंबू नकोस. वासावरही नको. आजारी पाडणारे बरेच जंतू वासाने ओळखू येत नाहीत. रात्रभर बाहेर राहिलेलं अन्न टाकून दे, आणि त्याबद्दल मनाला खात बसू नकोस.

आता पाककृती, किंवा खरं तर त्यांच्या मागची युक्ती. उरलेला पदार्थ काल होता तसाच आज ताटात आला की नकोसा होतो. त्याचं रूप बदल आणि ताजं असं एकच काहीतरी घाल: लिंबू, कांदा, हिरवी पानं, एखादं अंडं. एकच, हे लक्षात ठेव. वाटीभर भाजी वाचवायला पातेलंभर नवं शिजवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. उद्या त्यांच्याकडे दोन वाट्या उरतात. मीठ शेवटी, चाखून घाल, कारण कालचं मीठ आत आहेच.

गार भाताचे दाणे घट्ट आणि मोकळे होतात, म्हणून परतायला तो ताज्यापेक्षा बरा. उकडलेल्या गार बटाट्याचंही तसंच. कुस्करून टिक्क्या केल्यास तर सुटत नाहीत. शिजलेल्या भाज्या घोटून सूप कर किंवा अंड्यात घाल. पाव मात्र फ्रीजमध्ये ठेवू नकोस. त्यातल्या स्टार्चची रचना थंडाव्यात लवकर बदलते, म्हणून तो तिथे बाहेरच्यापेक्षा आधी कडक होतो. काप करून फ्रीजरमध्ये ठेव आणि लागेल तसे भाज. कडक झालाच तर पाण्याचा हबका मारून तापव, काही मिनिटं तो पुन्हा मऊ होतो. नाहीतर चुरा करून ठेव, सूप दाट करायला उपयोगी पडतो. बुरशी दिसली तर मात्र तेवढाच तुकडा काढून बाकीचा खायचा नाही, अख्खा पाव टाकायचा. मऊ पदार्थात बुरशी दिसते त्यापेक्षा आत पसरलेली असते.

गरम करताना खाणार तेवढंच काढ आणि आतपर्यंत वाफाळू दे. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच एकदा ढवळ, तिथे मधला भाग थंड राहतो.

तुझ्या एकट्याच्या पाच डब्यांनी काय होणार, असं तू विचारलंयस. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ सालच्या अहवालात २०२२ चा हिशेब आहे: दुकानं, खानावळी आणि घरं मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. नुसतं घरातलं धरलं तरी माणशी वर्षाला ७९ किलो, म्हणजे आठवड्याला दीड किलो. यात सालं आणि हाडंही धरली आहेत, पण उरलेलंही काही थोडं नाही. कचऱ्याच्या ढिगाखाली, हवा न पोचता ते कुजतं तेव्हा मिथेन, म्हणजे पृथ्वीचं तापमान वाढवणारा वायू, तयार होतो. तुझे पाच डबे या हिशेबात आहेत, माझं ते पातेलंही आहे. मला हे मनापासून लागतं, म्हणून एवढं लिहिलं.

दोन आठवडे एक काम कर. फ्रीजच्या दारावर कागद लाव आणि जे टाकशील ते, किती आणि का, एवढं लिही. बाजारात जायच्या आदल्या संध्याकाळी नवं काही शिजवू नकोस, त्या कप्प्यातलंच जेव. मग तो कागद मला पाठव. एकच पदार्थ सारखा दिसत असेल तर तो किती शिजवायचा ते आपण ठरवू.

तुझी मावशी

ता. क. काळी पडलेली केळी टाकलीस असंही लिहिलं होतंस. सालं काढून, तुकडे करून गोठवायची. दुधात घुसळलीस की साखर लागत नाही.